उजव्या खांद्यावरून

बुधवारच्या भांडणानंतर इना आणि मर्डो एकमेकांशी फक्त चहाबद्दल बोलत होते. साखर घालू का? नको. दूध संपलंय. आणतो. पन्नाशी ओलांडलेल्या बहीणभावांना हे शोभत नाही खरं, पण मॅथेसनांच्या घरात अबोला धरणं पिढीजात चालत आलेलं, आणि हे दोघं त्यात चांगले तयार झालेले होते.

शनिवारी सकाळी मात्र बोलणं भाग पडलं. मर्डोच्या मुलाचं, नीलचं लग्न अकरा वाजता होतं, चर्च खाडीच्या पलीकडे, आणि नवरदेव अजून आजोबांच्या शिवणाच्या खोलीत नुसत्या शर्टावर उभा होता.

"काय ठरलंय ते लक्षात आहे ना?" मर्डोने विचारलं.

"ठरवलंस तू. मी ऐकलं."

"ऐकलंस आणि मान हलवलीस. क्रिसीसमोर हलवलीस."

त्याची बायको क्रिसी खिडकीशी उभी राहून हॅटमधली पिन शोधत होती. "मला मध्ये घेऊ नका हं," ती म्हणाली. "मी आपली मुलाच्या लग्नाला आलेय." प्रत्येक भांडणात ती हे म्हणायची आणि प्रत्येक भांडणाच्या मध्यावर ती असायचीच.

ठरलं होतं ते असं. म्हातारा हेक्टर, म्हणजे या दोघांचा बाप, एकतीस वर्षं पलटणीचा मास्टर टेलर होता. कर्नलपासून ढोल वाजवणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या किल्ट, गणवेशातले ते निऱ्यांचे लोकरी घागरे, त्याच्या हाताखालून गेल्या. निवृत्त होऊन डिंगवॉलला आला तरी उत्तरेकडचे निम्मे अधिकारी कपडे त्याच्याचकडे पाठवत. मॅथेसनांच्या घरातला कुठलाही मुलगा गणवेशात लग्नाला उभा राहणार असेल, तर त्याला हेक्टरनेच सजवायचं, मग पुढच्या खोलीत आणून सगळ्यांसमोर उभं करायचं आणि म्हणायचं, "बघा." मग व्हिस्कीचे पेले फिरायचे. मर्डोचं तसंच झालं होतं, त्याच्या दोन चुलतभावांचंही.

पण आता म्हातारा चौऱ्याऐंशीचा होता. फेब्रुवारीत तो सपाता घालून स्टेशनवर गेला आणि पलटणीच्या जुन्या छावणीचं, ऑल्डरशॉटचं तिकीट मागत बसला. त्याआधी किटली जळली होती. मर्डोला हे दुसऱ्याच कुणीतरी पत्राने कळवलं, इनाने नाही, आणि हा राग तो गाडीत घालून ग्लासगोहून घेऊन आला होता. त्याच्या घराजवळ जुन्या सैनिकांसाठी आश्रम आहे, नर्सा आहेत, बाग आहे. बुधवारी हे सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला होता, "शनिवारी बघू. बाबांनी नीलला नीट सजवलं, एकही चूक न करता, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. चूक झाली तर सोमवारी ते माझ्याबरोबर."

इनाने मान हलवली होती, कारण तिला खात्री होती. चूक होणार नाही याची व्यवस्था ती चार वर्षं रोज करत आली होती. कात्री तिचीच चालायची, सुई तिचीच. बापाला ती शेवटी तयार माल दाखवायची, तो निऱ्यांवरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "जमलंय मला." तीही म्हणायची, जमलंय. गिऱ्हाइकांना कधी कळलं नाही. बापालाही नाही.

तिला भीती वाटत होती ती निव्वळ एकटेपणाची. ती चोपन्न वर्षांची होती. तिचं पूर्ण नाव हेक्टरिना, बापाच्या नावावरून ठेवलेलं, आणि त्या नावाने तिला हाक मारणारा आता तो एकटाच उरला होता. तोही हल्ली कधीतरीच.

"मी आत जाते," ती म्हणाली. "त्यांना वस्तू हातात द्यायला कुणीतरी लागतं."

"देच," मर्डो म्हणाला. "पण वस्तूच दे हं. अक्कल देऊ नकोस."

आत नील किल्ट नेसून दोन्ही हात बाजूला घेऊन उभा होता. पंचवीस वर्षांचा पोरगा, तीनच आठवड्यांपूर्वी सार्जंट झालेला. म्हातारा खिडकीजवळच्या बुटक्या स्टुलावर बसला होता. समोरच्या लांब टेबलावर इनाने पहाटेच सगळं ओळीने मांडून ठेवलं होतं. किल्ट, मग मोजे, मग बुटांवर चढवायचे पांढरे कापडी स्पॅट, मग हिरवा कोट, मग पट्टा, पुढे बांधायचा केसाळ बटवा म्हणजे स्पोरन, मोज्यात खोचायची सुरी, शेला, टोपी. तिची युक्ती ही एवढीच होती. म्हाताऱ्याला क्रम आठवायची गरज नव्हती, हात लांब केला की पुढची वस्तू हाताशी येत होती आणि वस्तू हातात आली की बाकीचं बोटांना ठाऊक होतं.

"गुडघे टेक," तो म्हणाला.

नीलने गुडघे टेकले आणि ताठ झाला. म्हाताऱ्याने वाकून किल्टचा काठ आणि जमीन यांच्यामध्ये अंगठा आडवा घातला. अंगठा अलगद फिरला. "ऊठ. काठ जमिनीला लागला तर तो बायकांचा झगा. चार बोटं वर गेला तर शाळकरी पोर. पिन."

इनाने पिन दिली.

"वरच्या पदराला एकट्यालाच. दोन्ही पदर टोचणारे गाढव मी पाहिलेत. चार पावलं चालले की पुढचं सगळं ओढलं जातं आणि माणूस कोंबड्यासारखा चालतो." त्याने पिन लावली. हात थोडे थरथरत होते, पण कापडाला लागले की थांबत. इना ते पाहत राहिली. तिला वाटलं, देवा, एवढा एक दिवस.

मोजे गुडघ्याच्या वाटीखाली तीन बोटं. स्पॅटची बटणं बाहेरच्या अंगाला. कोट, त्यावर पट्टा. स्पोरन पोटाच्या मधोमध, हलवून पाहिला. सुरी उजव्या मोज्यात.

"आजोबा, मी डावखुरा आहे," नील हसून म्हणाला.

"घरी अस. पलटणीत कुणी डावखुरा नसतो."

इनालाही हसू आलं. आता फक्त शेला आणि टोपी राहिली होती. इतक्यात क्रिसीने बाहेरून हाक मारली. "इना, अगं पाठीचं हुक लाव ना जरा. मर्डोची बोटं म्हणजे लाकडं."

"आलेच."

दोन मिनिटंही लागली नसतील. हुक वाकडं होतं, ते आधी दातांनी सरळ करावं लागलं. क्रिसी म्हणाली, "कसं चाललंय गं आत?" आणि इना म्हणाली, "उत्तम." मग ती परत आली आणि दारातच थांबली.

किरमिजी शेला नीलच्या डाव्या खांद्यावरून उतरून उजव्या कमरेला आला होता. म्हातारा तिथे गाठ मारत होता. गाठ इतकी देखणी होती की इनालासुद्धा तशी जमली नसती.

डाव्या खांद्यावरून अधिकारी घालतात. सार्जंटचा शेला उजव्या खांद्यावरून येतो आणि गोंडे डाव्या कमरेला लोंबतात. पलटणीत हे नव्या रंगरुटालाही माहीत असतं. तीन आठवड्यांचा सार्जंट अधिकाऱ्याचा शेला मिरवत चर्चमध्ये शिरला असता तर मेसमधल्या लोकांनी त्याला म्हातारपणापर्यंत सोडलं नसतं.

"तुमच्या वडिलांनाही मीच सजवलं होतं, कॅप्टनसाहेब," म्हातारा अदबीने म्हणत होता. "त्यांच्या लग्नाला. मोठा उमदा माणूस."

"हो," नील म्हणाला. त्याने आत्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

इना जवळ गेली. "बाबा, जरा गाठ बघू."

"गाठीला हात लावायचा नाही," म्हातारा म्हणाला, आणि टोपी उचलून नीलच्या डोक्यावर ठेवली, उजव्या भुवईकडे झुकवली. ती अचूक बसली.

"मी गाडीत बदलतो, आत्या," नील पुटपुटला.

"आधी पुढच्या खोलीत जावं लागेल."

म्हाताऱ्याने तोवर दार उघडलंही होतं.

पुढच्या खोलीत मर्डो आणि क्रिसी उभे होते आणि नीलचा मित्र सार्जंट डफ, पाठराखा म्हणून आलेला, तोही गणवेशात. म्हाताऱ्याने नातवाला दंडाला धरून मधोमध आणलं, स्वतः एक पाऊल मागे सरला आणि म्हणाला, "बघा."

डफने पाहिलं आणि लगेच छताकडे नजर लावली. क्रिसीला काही कळलं नाही. ती म्हणाली, "किती छान दिसतोय माझा बाळ." मर्डो युद्धात चार वर्षं कॉर्पोरल होता. त्याने मुलाकडे क्षणभरच पाहिलं, मग इनाकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता, हे इनाने पुढे कितीदा तरी आठवलं. उलट त्याला वाईटच वाटलेलं दिसत होतं.

"शेला," तो हळू म्हणाला. "बाबा, शेला कुठल्या खांद्यावर आहे?"

म्हाताऱ्याने नातवाकडे पाहिलं. बाहीवरच्या सार्जंटच्या तीन फिती त्याला आत्ता दिसल्या असाव्यात. त्याच्या डोळ्यांत भीती आली. आयुष्यभर त्याला रागावलेलं, थकलेलं, कंटाळलेलं पाहिलं होतं इनाने, घाबरलेलं कधी नाही.

"ते माझं काम आहे," इना म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"बाबा दमले होते, खुर्चीवर टेकले. शेला मी चढवला. घाईत चुकले."

"तू?" मर्डो म्हणाला.

"हो, मी. बाबा, तुम्ही बसला होतात ना? मी म्हटलं, मी घालते."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. आत ती जशी एकेक वस्तू त्याच्या हाताशी सरकवत होती, तशीच ही चूकही तिने सरकवली होती. त्याने हात लांब केला आणि ती घेतली. त्याची पाठ ताठ झाली.

"बसलो होतो," तो म्हणाला. "हिला म्हटलं होतं, हात लावू नकोस." मग त्याने शेल्याची गाठ एका झटक्यात सोडली. "इतकी वर्षं या कामात काढलीस आणि सार्जंटचा खांदा कुठला हे माहीत नाही? डावा खांदा अधिकाऱ्याचा, तिथून त्याचा शेला उतरतो. सार्जंटचा उजवा. पोराची नोकरी घालवली असतीस तू आज."

"चुकलं."

"चुकलं म्हणते. माझं नाव आहे या कामावर."

त्याने शेला उजव्या खांद्यावरून घेतला, पाठीवर सपाट केला, डाव्या कमरेला गाठ मारली आणि गोंडे सारख्या लांबीचे सोडले. डफने न राहवून मान डोलावली. "असं बांधणारा आता पलटणीत उरला नाही, मिस्टर मॅथेसन."

पेले फिरले. मर्डोने आपला पेला इनाच्या पेल्याला लावला. "बोललो होतो तसं. तोंड उघडणार नाही." मग तो म्हणाला, "पण तुझं काय गं झालं? तू अशी चुकणारी नव्हेस."

"झोप नाही झालेली बिचारीची," क्रिसी म्हणाली. "आणि वय काय कुणाला चुकलंय?"

इनाने व्हिस्की एका घोटात घेतली. तिला बरं वाटत होतं. बाप घरी राहणार होता. चर्चला जाताना गाडीच्या मागच्या सीटवर तो तिच्याशेजारी बसला, पण खिडकीकडे तोंड करून, आणि ती एकदा त्याची कॉलर नीट करायला गेली तर त्याने तिचा हात बाजूला केला.

जेवण गावच्या हॉलमध्ये होतं. सूप, मेंढीचं मटण, बटाटे, मग नवरीच्या मावशीने केलेला तीन मजली केक. म्हातारा खुशीत होता. तीन जुने सार्जंट त्याच्याभोवती जमले होते आणि निऱ्या चौकडीच्या रेघेवर घालाव्यात की पूर्ण चौकडीवर, याच्यावर तो त्यांना फैलावर घेत होता. सगळं बरोबर बोलत होता. मर्डो लांबून ऐकत होता आणि त्याचा चेहरा मऊ झाला होता.

मग म्हाताऱ्याने त्याला हाताने बोलावलं. इना शेजारच्याच खुर्चीवर बसली होती.

"मर्डो, तू परवा जातोयस ना? मी येतो तुझ्याबरोबर."

"बाबा? कुठे?"

"तुझ्याकडे. तू म्हणत होतास ना, तिथे जागा आहे म्हणून. माझे कान शाबूत आहेत अजून." त्याने इनाकडे अंगठा केला, तोंड न वळवता. "हिचे हात गेलेत. आज तुमच्यासमोर झालं म्हणून निभावलं. उद्या कुठल्या कर्नलच्या घरी जाईल आणि लोक म्हणतील, हेक्टर मॅथेसनचं काम बघा. मला माझ्या नावाची राख करून मरायचं नाही. दुकान बंद करतो आणि येतो."

मर्डो बहिणीकडे वळला. "इना, तू काय म्हणतेस?"

ती म्हणाली, "त्यांचं मन असेल तसं."

नीलने हे ऐकलं होतं. नवरीला मैत्रिणींमध्ये सोडून तो आत्याला गाठायला आला. ती हॉलमागच्या अंगणात गार वाऱ्यात कोटाशिवाय उभी होती.

"मी बाबांना सांगतो."

"काय सांगशील?"

"खरं काय ते. शेला आजोबांनीच घातला. मला कॅप्टनसाहेब म्हणाले."

"मग तुझे बाबा त्यांना घेऊन जातील. न सांगितलंस तर ते आपणहून जातील." तिने त्याच्या छातीवरच्या शेल्याची नसलेली चुणी पुसल्यासारखी केली. "आपणहूनच जाऊ देत. त्यांना वाटू दे की त्यांनी ठरवलं."

"आणि तू?"

"मी कुठे जातेय? मी आहे इथेच."

"आत्या, मी तेच विचारतोय."

तिला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण गणवेश चुरगळला असता. "जा," ती म्हणाली. "तुझी बायको शोधत असेल."

रविवार देवाचा, म्हणून त्या दिवशी त्या गावात कुणी गाडी काढत नाही. इनाने चर्चला जाऊन आल्यावर बापाची बॅग भरली. सहा शर्ट, लोकरीचे बनियन, दाढीचं सामान. मर्डो दोनदा दारात येऊन उभा राहिला. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "उन्हाळ्यात तू ये. महिनाभर राहा." ती म्हणाली, "येईन की." दोघांनाही ठाऊक होतं की क्रिसीच्या घरात तिसऱ्या दिवसानंतर पाहुण्याला श्वास घेता येत नाही. अबोला मिटला होता, आणि मिटल्यावर बोलायला फारसं काही उरलं नव्हतं.

सोमवारी दहा वाजता गाडी दारात आली. क्रिसी आधीच पुढे बसली होती. मर्डो सामान लावत होता. म्हातारा ओव्हरकोट घालून ओसरीवर उभा राहिला आणि त्याने इनाला खुणेने बाजूला बोलावलं, दुकानात पूर्वी कारागिरांना बोलवायचा तसं.

"हे बघ," तो म्हणाला. "शनिवारी मी जास्त बोललो. चारचौघांत बोलायला नको होतं."

"नाही हो, बाबा. चूक झाली होती."

"झाली होती. पण तू काम प्रामाणिकपणे केलंस. इतकी वर्षं. टाका बारीक आहे तुझा, तसा मी फार पाहिला नाही. डोळे जातात, त्याला माणूस काय करणार? मी दुकान बंद करतोय, म्हणून तुला सोडावं लागतंय. मनाला लावून घेऊ नकोस."

इनाला आधी वाटलं, तो गंमत करतोय. मग तिने त्याचे डोळे पाहिले. ते स्वच्छ होते, मायेने भरलेले होते, आणि त्यांत तिची ओळख कुठेच नव्हती.

"नाही लावून घेत," ती म्हणाली.

"कुठे जाशील आता?"

"बघेन कुठेतरी."

"बघ." तो जायला वळला, मग पुन्हा थांबला. आवाज उतरवून म्हणाला, "आणि निघायच्या आधी आत जा. माझी मुलगी असेल स्वयंपाकघरात. तिला सांग, मी म्हटलंय म्हणून, आणि जेवून जा. तू सकाळपासून काही खाल्लेलं नाहीस, मी बघतोय. जवाचं सूप असेल. तिच्यासारखं सूप कुणी करत नाही. मी तिला हे कधी म्हटलेलं नाही, म्हणून तूही सांगू नकोस."

"बाबा, चला," मर्डोने गाडीतून हाक मारली.

"उपाशी जाऊ नकोस," म्हातारा म्हणाला.

"नाही जात, सर. जेवूनच जाते."

तो गाडीत बसला. गाडी खाडीच्या रस्त्याला लागून पुलापाशी वळेपर्यंत ती ओसरीवर उभी राहिली. मग आत आली, सूप गरम केलं, एकच वाडगा घेतला आणि टेबलाशी बसून ते सगळं संपवलं. जेवून जाईन असं तिने कबूल केलं होतं.